ईदगाहशेजारची तालीम

फजरची नमाज झाली की जुन्या नाशकात दुधाच्या किटल्या वाजायला लागतात. चौक मंडईतली दुकानं अजून बंद असतात. शालिमार, सीबीएस मागे टाकून रिक्षा त्र्यंबक रस्त्याला लागली, की थोड्याच वेळात ईदगाह मैदान येतं. लहानपणी ईदच्या सकाळी अब्बा भावांना घेऊन इथे यायचे आणि आम्ही मुली घरी शीरखुर्म्याच्या वाट्या मांडायचो. स्वतःच्या कामासाठी मी या रस्त्याने आले ती थेट वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी.

ईदगाहच्या शेजारी हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. १९०९ साली कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडणाऱ्या आणि १९१० मध्ये फाशी गेलेल्या तरुणाचं नाव त्याला दिलेलं आहे. नाशिककर मात्र अजून गोल्फ क्लबच म्हणतात. इथे रणजीचे सामने होतात, आणि पहाटे निम्मं शहर चालायला येतं.

मी आले ती भीतीपोटी. शाळेत आरोग्य तपासणी झाली, त्यात माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ निघाली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. आमच्या घराला हा आजार नवा नाही. अम्मीच्या पायाचं बोट कापावं लागलं तेव्हा दवाखान्यात तिच्या उशाशी मीच होते. डॉक्टर म्हणाले, "गोळी आत्ताच नको. आधी शरीर हलवा."

एकटीनं चालायला सुरुवात केली आणि चौथ्या दिवशी बंद पडली. कधी पेपर तपासायचे होते, कधी पाहुणे, कधी नुसता आळस. मग शाळेतल्या खेळाच्या बाईंनी मला या मैदानावरच्या बायकांच्या गटात नेलं. हल्ली याला बूट कॅम्प म्हणतात. नव्या शिपायांना लष्करात जे शिक्षण देतात, त्यावरून हे नाव पडलं. नाशिकरोडला तोफखान्याचं केंद्र असल्यामुळे रिक्रूटांची कवायत आम्हाला ऐकून माहीत होतीच.

पहिल्या दिवशी बुरख्यातली मी एकटीच होते. दोन फेऱ्यांत दम लागला आणि मी कट्ट्यावर बसले. कोणी हसलं नाही. साठीच्या एक मावशी जवळ येऊन म्हणाल्या, "बाई, मी पहिल्या दिवशी गेटापासूनच परत गेले होते. तुम्ही दोन फेऱ्या मारल्यात." दुसऱ्या दिवशी मी आले, ती त्या मावशींसाठी.

तास पाऊण तासाचा. आधी दहा मिनिटं अंग मोकळं करायचं. मग बैठका, जागेवर धावणं, भिंतीला हात टेकून जोर, पायऱ्यांची चढ-उतार असं अर्धा-अर्धा मिनिट आळीपाळीने करायचं. शेवटी सावकाश ताण देऊन थांबायचं. आकुंचन पावणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून आम्हा साखरवाल्यांना बैठकांचा फायदा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम सांगते. आठवड्यातले चार दिवस आलं तरी हा हिशोब पुरा होतो.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे मला इथे एक गंमत वाटते. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे आखाडा. पहिलवान, वस्ताद, जोर, कसरत, मैदान हे सगळे शब्द फारसी-अरबीतून येऊन मराठी मातीत मुरले. शब्द आपल्या घरातून गेले आणि आपल्या बायका मात्र मैदानाबाहेर राहिल्या! खुद्द रसूलुल्लाहंनी (स.) हजरत आयशांसोबत धावण्याची शर्यत लावल्याचं हदीसमध्ये आहे, हे किती घरांत सांगितलं जातं?

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. आम्हाला पदकं नकोत. आम्हाला मुलांची लग्नं स्वतःच्या पायांवर उभं राहून बघायची आहेत.

आता आमच्या मोहल्ल्यातल्या सहाजणी येतात. त्यातली एक आठवडाभर आली नाही, तेव्हा आम्ही तिच्या घरी गेलो. घरातल्यांचा आक्षेप होता. तिच्या सासूबाईंना आम्ही एक दिवस सोबत नेलं. सगळ्या बायकाच आहेत हे त्यांनी पाहिलं. आता सून उठायच्या आत चप्पल घालून त्याच दारात उभ्या असतात. एकटीनं चुकवलेला व्यायाम कुणाला कळत नाही. गटात मात्र जागा रिकामी दिसते आणि विचारणा होते. गटाचा सर्वांत मोठा फायदा हाच.

रविवारी कधी आम्ही पांडवलेणीला जातो. दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरत गेलेली ही चोवीस लेणी, आणि वरून धुक्यातून हळूहळू उघडणारं शहर! पहिल्यांदा मी पायऱ्यांवर चारदा बसले होते. गेल्या वेळी एकदाच.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. गुडघे, हृदय किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उड्या मारू नका. साखरेची औषधं चालू असतील तर उपाशीपोटी जोराचा व्यायाम नको. रमजानमध्ये आम्ही मैदान सोडतो आणि इफ्तारनंतर गल्लीतच हलकं चालतो.

सहा महिन्यांनी माझा आकडा ५.९ आला. उंबरठा अजून ओलांडून मागे आलेले नाही, पण तोंड फिरलं आहे. अम्मीला रिपोर्ट वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, आपल्या पायाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या मलाही घेऊन चल, मी कट्ट्यावर बसेन."

आता रिक्षात आम्ही दोघी असतो. ती कट्ट्यावर तस्बीह घेऊन बसते आणि माझ्या फेऱ्या मोजते.