बांधावरचा अजगर

शेतात अजगर दिसला की सर्पमित्राला बोलवावं, पोत्यात भरून लांबच्या जंगलात सोडून यावं, यातच त्या जिवाचं भलं आहे असं मी कित्येक वर्षं मानत होतो. आज मला तसं वाटत नाही. अजगर कसा जगतो हे जसजसं कळत गेलं, तसं ते मत टिकेना.

अजगर सावजामागे धावत नाही. जनावरांच्या वाटेवर दबा धरून बसतो. ओठांवरच्या खळग्यांना सावजाच्या अंगाची ऊब कळते, त्यामुळे अंधारातही झेप चुकत नाही. विळख्यानं तो हाडं चुरडतो, गुदमरवतो असंच आपण ऐकत आलो. अमेरिकेत स्कॉट बोबॅक आणि सहकाऱ्यांनी बोआ या अजगरासारखाच विळखा घालणाऱ्या सापाच्या विळख्यात सापडलेल्या उंदरांवर मोजमापं घेतली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं ते वेगळंच: काही सेकंदांतच रक्ताभिसरण कोलमडतं. त्याआधी याच गटानं दाखवलं होतं, की सावजाचं हृदय धडधडतंय तोवर बोआला ते जाणवतं आणि तो पकड सोडत नाही.

खरं कष्टाचं काम पुढे असतं. मोठं सावज गिळल्यावर बर्मी अजगराचं हृदय दोन दिवसांत सुमारे 40 टक्क्यांनी वाढल्याचं नोंदलं गेलं आहे. पचनाला बाहेरची ऊब लागते, म्हणून पोट फुगलेला अजगर उन्हात पडून राहतो. नेमका तेव्हाच तो आपल्याला दिसतो. आपण गर्दी करतो, शेपटी ओढतो, फोटो काढतो. घाबरलेला अजगर पळता यावं म्हणून गिळलेलं ओकून टाकतो. इतक्या दिवसांनी मिळालेलं अन्न मातीत जातं! आणि लांब नेऊन सोडलं, की ओळखीचं बीळ, उन्हाची जागा, सावजाची वाट, सगळंच सुटतं. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात अजगर साळिंदराच्या बिळांत थंडी काढतात. असं बीळ परक्या रानात लगेच कुठून सापडावं? मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसली असेल, तर तिला उचलणं म्हणजे अख्खी वीण घालवणं.

ज्याची शेळी गेली त्याचं दुःख मला कळतं. घरात, गोठ्यात शिरलेला अजगर हलवावाच लागतो, आणि ते काम वन विभागाला कळवूनच व्हावं. पण आता कुणाचा फोन आला की मी आधी विचारतो, घरात आहे की बांधावर? बांधावर असेल तर एवढंच सांगतो: कुत्री बांधा, पोरांना लांब ठेवा, त्याचं अन्न जिरू द्या.