इंजिन बसलं, गिअरही पडला

देऊळगाव राजा

प्रिय मित्रा,

"आबांची पद्मिनी भंगारात गेली का रे?" असं तू विचारलंस. नाही गेली. उलट परवा तिच्यात इंजिन चढलं, गिअरबॉक्सही बसला, आणि काल संध्याकाळी ती कुणी न ढकलता बालाजी मंदिरापर्यंत जाऊन आली. दसऱ्याच्या यात्रेआधी उरकलं ते बरं झालं. यात्रेतल्या लाठा मंडपाच्या दिवसांत त्या बाजूला सायकल घालायचीही सोय नसते.

तू बसलास इटलीत तोरिनोला, म्हणजे या गाडीच्या माहेरीच. 1953 साली तिथं निघालेली फियाट 1100 आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात आली आणि 1974 पासून पद्मिनी झाली. तुमच्याकडे हे मॉडेल 1969 मध्ये संपलं. आपण मात्र ते थेट 2000 सालाच्या आसपासपर्यंत काढत राहिलो. लोक याला हसतात. मला विचारशील तर त्यामुळेच गावोगावच्या मिस्त्र्यांच्या हातात ही गाडी बसली.

सल्ले भरपूर मिळाले. "डिझेल इंजिन टाका, अ‍ॅव्हरेज बघा!" एकानं मारुतीचं इंजिनही सुचवलं. आपल्या भागात अशा कलमी गाड्या कमी नाहीत. पण डिझेलचं धूड पुढं बसवलं की सस्पेन्शन दबतं, सगळी बॉडी थरथरते. वर इंजिन बदललं की आरटीओची मंजुरी आणि आरसीत नोंद, हे लचांड मागे लागतं. शिवाय 2021 मध्ये सरकारनं व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. गाडी पन्नास वर्षांवरची हवी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नकोत. आपली गाडी अजून त्या वयाची नाही, पण होईलच की. तेव्हा जुनंच इंजिन बांधायचं ठरवलं.

ब्लॉक जालन्याला नेला. 68 मिलीमीटरचा बोअर झिजून अंडाकृती झाला होता. तो मोठा करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकले. क्रँक ग्राइंड केला, त्याच्या मापाची बेअरिंगं आणली. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, एकदा तापलं की वाकतं, म्हणून ते फेस करून घेतलं आणि व्हॉल्व्ह लॅप केले. पैशांचा आकडा पत्रात लिहीत नाही. बायकोच्या हाती पत्र लागलं तर?

खरी गंमत बसवताना आली. बॉनेट उतरवलं, रेडिएटर काढला आणि शेडच्या गर्डरला चेनपुली टांगली. इंजिन साखळीवर झुलत खाली आलं. मिस्त्री एका हातानं साखळी सोडत होता आणि दुसऱ्या हाताची बोटं ब्लॉकवर टेकवून त्याला नुसती दिशा देत होता. फाउंडेशनचे रबर नवे घातले होते, त्यामुळे इंजिन पटकन बसलं. बोल्ट मात्र त्यानं आधी हातानंच धरवले, पाना लावला नाही.

मग गिअरबॉक्स. तो खड्ड्यातून, जॅकवर ठेवून वर घ्यायचा. त्याचा पुढचा शाफ्ट क्लचप्लेटच्या खाचांतून जाऊन फ्लायव्हीलच्या मधल्या छोट्या बेअरिंगमध्ये शिरला पाहिजे. प्लेट केसभर जरी सरकलेली असली तरी तो आत जात नाही. त्यासाठी मिस्त्र्यानं कुठल्याशा मेलेल्या गिअरबॉक्सचा शाफ्ट जपून ठेवलाय. तो घालून प्लेट मधोमध आणायची, मगच प्रेशर प्लेट आवळायची. तरीही शेवटचं बोटभर अंतर काही मिटेना. मी म्हटलं, बोल्ट लावून ओढून घेऊ. तो खड्ड्यातून म्हणाला, "भाऊ, ओढून बसवला तर कान तुटंल केसिंगचा. त्याला त्याच्या वाटंनं येऊ द्या." आणि मला क्रँकची पुली हातभर फिरवायला लावली. टक् आवाज झाला आणि गिअरबॉक्स जागेवर! सगळा वेळ त्यानं जॅक सोडला नव्हता, कारण बॉक्सचं वजन नुसत्या शाफ्टवर लटकलं तर नवी प्लेट वाकते.

लगेच चालू करू दिली नाही. प्लग काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारला. नव्या बेअरिंगांना तेल पोचायच्या आत इंजिन पेटवणं हा त्याच्या लेखी गुन्हा. नंतर प्लग घातले, पॉइंट साफ केले, एक-तीन-चार-दोन अशा क्रमानं वायरी लावल्या. थोडा खोकला, थोडा निळा धूर, आणि धरलं बघ!

गिअर स्टिअरिंगवरचाच ठेवलाय. चार गिअर, त्यात पहिल्याला सिंक्रो नाही. गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला टाकलास तर ती करकरून शिव्या देते. आजच्या पोरांना हे दाखवलं तर त्यांना जादू वाटते. सध्या हळूहळू पळवतोय. चढाला जोर द्यायचा नाही, एकाच वेगानं लांब जायचं नाही, पाचशे किलोमीटरला ऑइल बदलायचं. सिंदखेडराजापर्यंत जाऊन येतो, तेवढं तिला पुरे.

आता तुझं काम. गिअरच्या दांड्यांचे बुश झिजलेत, हँडल लुळं पडलंय. मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाल्यापासून अस्सल माल शोधावाच लागतो. तुझ्या तोरिनोत जुन्या फियाटच्या सामानाचं दुकान असेल तर बघ. बुशचं माप आणि फोटो सोबत पाठवतोय. जमलं तर हेड गॅस्केटही आण, पण 1100 डीचं नको. तुमच्या डीचं इंजिन 1221 सीसीचं, बोअर 72चा, आपलं 1089. दुकानदाराला 1100-103 चं माग आणि भोक आपल्या मोठ्या केलेल्या बोअरपेक्षा किंचित मोठं आहे का ते मोजूनच पैसे दे.

तुझाच