हातचा

प्राथमिक शाळेत बेरीज शिकवताना आमचे गुरुजी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, "पोरांनो, हातचा विसरू नका." मी तो हटकून विसरत असे. मग उत्तर चुके, पाटी परत येई आणि पाठीत एक धपाटा बसे. पुढे हायस्कुलात गेले, कॉलेजात आले, अर्थशास्त्र घेतले आणि हातचा विसरण्याची खोड मोडली. पण २०२५ च्या दिवाळीनंतर मी घरी एक हिशेब केला. त्यात मी हातचा विसरले नव्हते, तो लपवला होता. त्याची ही हकीकत.

आमचे अण्णा बावीस वर्षे कराडच्या एका डॉक्टरांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. या काळात डॉक्टरसाहेबांनी चार गाड्या बदलल्या. ड्रायव्हर मात्र तोच राहिला. चौथी गाडी आली ती डिसेंबर २०२२ मध्ये. मारुती सुझुकीची ग्रँड विटारा, तीही 'स्ट्राँग हायब्रिड'. त्याच वर्षी सप्टेंबरात ती बाजारात आली होती आणि या प्रकारातल्या सर्वांत कमी किमतीच्या गाडीलाही शोरूममध्ये १७ लाख ९९ हजार पडत होते. नाव मारुतीचे, पण ती तयार होते बंगळूरजवळच्या बिडदीला, टोयोटाच्या कारखान्यात. ही विद्या मूळची टोयोटाचीच. प्रियस नावाची त्यांची अशी गाडी जपानात डिसेंबर १९९७ पासून विकली जात होती. म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आमच्या गल्लीत पोचायला पंचवीस वर्षे लागली.

गल्लीतले लोक अण्णांना विचारायचे, "ही चार्जिंगला कुठं लावता?"

अण्णा म्हणायचे, "लावायची न्हाई. दोन बैलांची गाडी हाय ही. एक बैल पेट्रोलचा, एक इजेचा. निघताना इजेचा ओढतो, चढ आला की दोघं मिळून ओढतात. आन् उतारावर, ब्रेक दाबला की वाया जाणारा जोर परत बॅटरीत जाऊन बसतो."

अण्णांचे शिक्षण सातवी. पण हायब्रिड म्हणजे काय, हे मी पुढे इंटरनेटवर पाच पानांत वाचले ते याहून वेगळे नव्हते. साध्या गाडीत ब्रेक दाबला की तिची गती घर्षणाने उष्णता होऊन हवेत जाते. हायब्रिडमध्ये तीच विजेची मोटर उलटी जनित्र होते आणि त्या गतीतला बराचसा भाग वीज करून साठवते. मात्र ब्रेक लांबून आणि हळू दाबावा लागतो. करकचून दाबला तर साधे ब्रेकही लागतात आणि साठा कमी होतो. अण्णांना हे कोणी शिकवले नव्हते. खंबाटकीच्या उतारावर पडद्यावरच्या रेघा भरताना बघून ते आपले आपण शिकले होते. "उतारावर हातचा ठेवायचा, चढावर वापरायचा," असे ते म्हणत.

या गाडीत आम्ही घरचे एकदाच बसलो होतो. २०२३ च्या पावसाळ्यात आजीला रात्री धाप लागली तेव्हा डॉक्टरसाहेबांनी स्वतः गाडी पाठवली. आजीला मागे आडवी केली आणि गाडी निघाली ती आवाजच नाही. आजी घाबरून म्हणाली, "बंद पडली का रं?" त्या काळजीतही आम्हाला हसू आले होते.

दिवाळीनंतर डॉक्टरसाहेबांनी दवाखाना बंद करायचे ठरवले. ते मुलाकडे कायमचे पुण्याला निघाले. अण्णांना त्यांनी बोलावून घेतले आणि म्हणाले, "गाडी तुम्हीच घ्या. बाहेर अकरा-साडेअकरा लाख येतील. तुम्हाला दहाला देतो. तुमच्या हातची आहे."

नोकरी गेली आणि गाडी समोर आली, दोन्ही एकाच दुपारी.

त्या रात्री जेवणे झाल्यावर अण्णांनी कपाटातून पोस्टाची पुस्तके काढली. सगळे मिळून साडेचार लाख रुपये होते. बावीस वर्षांत, पगारातून दरमहा थोडे थोडे बाजूला टाकून जमलेले. ते कशासाठी होते याबद्दल घरात तीन मते होती. आई म्हणे, पोरीच्या लग्नाला. अण्णा म्हणत, पोरीच्या शिक्षणाला. आणि पावसाळा आला की घराचे छप्परही आपले मत मांडत असे.

अण्णा मला म्हणाले, "तू शिकलेली हायस. कागदावर मांड. घ्यावी का न्हाई ते आकड्यानं ठरू दे."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. विजेच्या बिलापासून रेशनच्या अर्जापर्यंत सगळे कागद माझ्याकडे येतात, आणि मी वाचून सांगेन तो त्यांचा अर्थ होतो. त्या रात्री मी मोठ्या रुबाबात वही उघडली.

किंमत १० लाख. जवळचे साडेचार लाख वजा जाता कर्ज साडेपाच लाख. बारा टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता १२,२३४ रुपये. पाच वर्षांत फेड ७ लाख ३४ हजारांची, म्हणजे नुसते व्याज १ लाख ८४ हजार. मग बचत. घरची गाडी म्हणून वर्षाला ५,००० किलोमीटर धरले. त्याच आकाराची साधी पेट्रोल गाडी लिटरला १४ चालते, ही २२. पेट्रोल १०५ रुपये धरले तर वर्षाला वाचतात अवघे साडेतेरा हजार. पुढे मी लिहिले : दुरुस्ती, वर्षाला ४०,०००. टायर, २८,०००. खाली दोन रेघा मारल्या आणि लिहिले, 'परवडत नाही.'

अण्णांनी चष्मा लावून तो कागद बराच वेळ वाचला. मग खिशातली छोटी डायरी काढली. गाडी आल्या दिवसापासून प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल, चाललेले किलोमीटर, प्रत्येक सर्व्हिसिंगची तारीख आणि बिल त्यांनी तीत लिहून ठेवले होते. ६८,००० किलोमीटर, सगळे त्यांच्याच हातचे. ते शांतपणे म्हणाले, "टायर मार्चमध्येच टाकलेत. आन् चाळीस हजार कुठल्या वर्षी लागले? माझ्या वहीत तर न्हाईत." थोडे थांबून पुन्हा म्हणाले, "आन् भाड्यानं लावली तर? ते ह्यात कुठंच न्हाई."

मी म्हणाले, "अंदाजानं धरलंय." ते म्हणाले, "बरं." आणि कागद माझ्याकडे परत दिला. ते रागावले असते तर बरे झाले असते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चाळीस हजार हा आकडा माझ्या लेखणीतून कसा उतरला, याचा मी विचार करू लागले. आणि जे सापडले ते सांगायला लाज वाटते. मला बी.ए. झाल्यावर पुण्याला जाऊन अर्थशास्त्रात एम.ए. करायचे आहे. हे मी घरी कधी स्पष्ट बोलले नव्हते. पण साडेचार लाखांकडे बघताना मला गाडी दिसत नव्हती, लग्न दिसत नव्हते आणि छप्परही दिसत नव्हते. दिसत होती वसतिगृहातली खोली. तो खर्च मी कागदावर कुठेच लिहिला नव्हता. म्हणून तो दुरुस्तीत आणि टायरात जाऊन बसला होता. आमच्या सरांनी वर्गात 'संधी खर्च' शिकवला तेव्हा मी त्याची व्याख्या पाठ केली होती : एक गोष्ट निवडताना जी दुसरी सोडावी लागते तिचे मोल. घरी उदाहरण समोर आले तेव्हा तो मी खोट्या नावाने लिहिला. ज्यांना इंग्रजी कागद वाचता येत नाहीत त्यांना शिकलेली माणसे कशी फसवतात, याच्या गोष्टी अण्णांनी मला लहानपणापासून सांगितल्या होत्या.

सकाळी चुलीपुढे आई आणि अण्णा चहा घेत बसले होते. मी वही घेऊन गेले आणि म्हणाले, "अण्णा, रातचा हिशेब खोटा आहे. मला एम.ए.ला पुण्याला जायचंय, म्हणून मी तो तसा केला."

आईने माझ्याकडे नुसते बघितले. अण्णा म्हणाले, "मग हे आधीच लिहायचं की. लिव्ह आता."

आम्ही नव्याने सुरुवात केली. या खेपेला डायरी अण्णांच्या हातात, पेन माझ्या. सेकंडहँड गाडी घेताना लोकांना भीती वाटते ती तिच्या आधीच्या आयुष्याची : किलोमीटरचा काटा मागे फिरवलाय का, अपघात झालाय का, महापुरात बुडालीय का. आम्हाला त्यातले काहीच विचारायचे नव्हते. दुरुस्तीचा आकडा डायरीतला घेतला. तो माझ्या आकड्याच्या निम्माही नव्हता. टायर खोडले. 'शिक्षण, पुणे, दोन वर्षे' असा नवा रकाना केला आणि त्यात दोन लाख लिहिले. छप्पराचाही एक रकाना आईने मागून घेतला.

मग भाड्याचा हिशेब. महिन्याला मुंबई विमानतळाच्या पाच फेऱ्या आणि किरकोळ भाडी धरून वर्षाला ४०,००० किलोमीटर. आता बचत साध्या पेट्रोल गाडीपेक्षा वर्षाला १ लाख ९ हजारांची झाली. अण्णांचे डोळे चमकले. खरे सांगायचे तर माझे मन चरकले. हायब्रिडची गंमतच ही आहे : जो जास्त फिरतो त्यालाच ती वाचवून देते. दारात उभी राहिली तर काही देत नाही, उलट बरेच दिवस हलवली नाही तर तिची छोटी बारा व्होल्टची बॅटरी उतरते आणि मोठ्या बॅटरीसकट सगळी गाडीच अडून बसते.

पण भाड्याचे आकडे आणखी पुढे जात होते. खासगी गाडी भाड्याने लावायची तर आर.टी.ओ.कडून ती टॅक्सी करून घ्यायची, पिवळी पाटी, परमिट, दरवर्षीचा वाढीव विमा. मोठ्या बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. घरी वापरली तर हमी २०३० च्या अखेरीपर्यंत. भाड्याने लावली तर उरलेले ९२ हजार किलोमीटर सव्वादोन वर्षांत संपणार, आणि कर्ज तर पाच वर्षांचे. शिवाय भाड्याच्या धंद्यात आपली तुलना साध्या पेट्रोल गाडीशी नाही, सी.एन.जी.शी. गॅस किलोला ९० रुपये आणि छोटी गाडी किलोला २५ किलोमीटर धरली तरी तिला किलोमीटरला ३ रुपये ६० पैसे पडतात. आमच्या डायरीप्रमाणे हिला ४ रुपये ७७ पैसे.

मी हे सगळे वाचून दाखवले आणि खाली काहीच लिहिले नाही. उत्तर काढायचे माझे धाडस नव्हते. माझ्याच बाजूचे उत्तर येत होते, आणि आता ते खरे असूनही मला ते उच्चारवत नव्हते.

अण्णांनीच ते काढले. म्हणाले, "तू एक लिहायचं राहिलीस. डिकी. हिच्या डिकीखाली बॅटरी हाय, जागा कमी. डॉक्टरीणबाई परदेशी जायच्या तवा तिसरी बॅग पुढच्या सीटवर ठेवायचो मी. विमानतळाचं गिऱ्हाईक चार बॅगा घेऊन येतं." त्यांनी डायरी मिटली. "गाडी झ्याक हाय. पण ही मालकाची गाडी हाय, धंद्याची न्हाई."

आई म्हणाली, "दारात गाडी आली आसती तर लोकांनी बघितली आसती. छप्पर गळतंय ते आपण एकटंच बघतो." तिने एवढेच म्हटले आणि कपबशा उचलल्या.

त्यानंतर कोणी त्यावर बोलले नाही. अण्णांना एका शाळेच्या बसवर काम मिळाले, पगार पहिल्यापेक्षा हजाराने कमी. गाडी साताऱ्याच्या एका प्राध्यापकांनी घेतली. ती पोचवायला अण्णांनी मला बरोबर नेले. मी पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसले. आवाज न करता आम्ही निघालो. अण्णा काही बोलत नव्हते. मीही पडद्यावरच्या रेघा भरताना आणि उतरताना बघत होते.

साताऱ्यात फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन तयारच होते. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या, हेही अण्णांनी त्यांना सांगितले. मग अर्धा तास त्यांनी त्या गृहस्थांना गाडीभोवती फिरवले. डाव्या दरवाजावरची रेघ कशाची, कुठला आवाज येतो आणि तो काळजीचा का नाही, ब्रेक कसा लांबून दाबायचा. शेवटी म्हणाले, "साहेब, हिला उभी ठेवू नका. फिरवत राहा." आणि किल्ली दिली. डायरीही दिली. ती ते देतील असे मला वाटले नव्हते.

परत येताना एस.टी.ला गर्दी होती. अण्णांना खिडकीशी जागा मिळाली, मी शेजारी बसले. उंब्रज गेले. तासवड्याचा टोलनाका दिसू लागला तसे लांबूनच अण्णांनी उजवे पाऊल एस.टी.च्या पत्र्यावर टेकवले आणि हळूहळू दाबत नेले. गाडी थांबल्यावर त्यांनी ते उचलले.

मी खिडकीबाहेर बघत राहिले.