टपावरचे ऊन

आमच्या पुस्तकांच्या टेम्पोच्या टपावर ही काळी-निळी काच कसली बसवली आहे, असे नागपूरला, महाडला, दादरला पुष्कळ जण विचारतात. गर्दीत एका हाताने पुस्तक आणि दुसऱ्या हाताने सुटे पैसे देता देता धड काही सांगता येत नाही. म्हणून हे लिहायला घेतले. मी लेखिका नव्हे, नववी पास बाई आहे. भाषेत काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

आम्ही मनमाडचे. आमचे हे एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. काम सुटल्यावर हाती आलेल्या फंडाच्या पैशातून जुना टेम्पो घेतला आणि आपल्या चळवळीची पुस्तके, पंचशील ध्वज, बिल्ले, मूर्ती विकायला सुरुवात केली. वर्षाचे फिरणे ठरलेले आहे. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड, एप्रिलभर जयंत्या, १३ ऑक्टोबरला येवला, अशोक विजयादशमीला नागपूर, ६ डिसेंबरला दादर. टेम्पोचा हौदा पत्र्याने बंद करून घेतला आहे. दिवसा एक बाजू उघडली की दुकान, रात्री खोके कडेला सरकवले की घर. स्टोव्ह, पाण्याचा कॅन आणि दोन सतरंज्या, एवढाच संसार.

अडचण होती ती दिव्याची. टेम्पोच्याच बॅटरीवर रात्री बल्ब लावला की सकाळी गाडीला धक्का मारायची पाळी. म्हणून मुक्कामाला शेजारच्या दुकानातून वायर ओढायची आणि रात्रीचे पन्नास रुपये द्यायचे, अशी आमची रीत होती.

२०२२ सालची गोष्ट. नागपूरला निघालो होतो, वाटेत एका ठिकाणी मुक्काम पडला. गावाचे नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. दुकानदार बोलायला चांगला वाटला. पन्नास रुपये घेतले, बल्ब लागला. मी पीठ मळायला घेतले आणि ह्यांनी उजेडात खोके नीट लावायला बाहेर काढले. वरच्या खोक्यात बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या. दुकानदार जवळ आला, बघितले, "कुठले तुम्ही?" म्हणाला. ह्यांनी सांगितले. तो आत गेला आणि बल्ब बंद झाला. परत येऊन पन्नासाची नोट ह्यांच्या हातावर ठेवली. म्हणजे वरून टाकली, हाताला हात लागू नये अशी. "वायर गुंडाळून घ्या," एवढेच बोलला. भांडण नाही, शिवी नाही. त्या रात्री अर्धे मळलेले पीठ तसेच झाकून ठेवले. भूक कोणालाच नव्हती.

ते पन्नास रुपये मी खर्च केले नाहीत. पुढे पॅनेल घ्यायला गेलो तेव्हा त्याच पैशांत घातले.

आमची मुलगी आयटीआयला इलेक्ट्रिशियन झाली, चाकणला कंपनीत आहे. तिला फोनवर हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आई, टपावर दिवसभर ऊन फुकट जाते. ते धर." आमच्याकडच्या एका मिस्त्रीला विचारले तर नुसती बसवायची मजुरी चार हजार सांगितली. मी म्हणाले, आम्हीच बसवू. तो हसला. "बायकांचे काम आहे का हे?" आता वेल्डिंग ह्यांचे आणि वायरिंग माझे ठरल्यावर बायकांचे अर्धे तरी झालेच की!

आधी हिशेब केला. मुलीनेच शिकवला, वहीच्या शेवटच्या पानावर. नऊ वॅटचे दोन एलईडी बल्ब सहा तास, म्हणजे १०८. बॅटरीवर चालणारा लहान पंखा पंधरा वॅटचा, सात तास, १०५. दोन मोबाईलचे धरा तीस. (मोबाईल ही आता चैन राहिली नाही. गिऱ्हाईक पैसे मोबाईलवर देते. तो बंद पडला की धंदा बंद.) सगळे मिळून रोजचे अडीचशेच्या आत. शंभर वॅटचे पॅनेल टपावर आडवे ठेवले तर चांगल्या उन्हात दिवसाला तीनशेच्या आसपास हाताशी लागते. बॅटरी बारा व्होल्ट, चाळीस अँपिअर-तासांची. बारा गुणिले चाळीस म्हणजे ४८०, पण असली बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, लवकर मरते. म्हणजे आमच्या हाती २४०. काठोकाठ जमत होते. बॅटरी मात्र सीलबंद घेतली, कारण आम्ही त्याच हौद्यात झोपतो आणि पाण्याच्या बॅटरीचा वायू बंद जागेत साठू देणे बरे नाही. सगळे मिळून साडेनऊ हजारांत बसले. भिशी लागली होती म्हणून जमले.

२०२३ च्या फेब्रुवारीत कामाला लागलो. मला सगळ्यात जास्त भीती भोकांची. टपाला भोके पाडली आणि पावसाळ्यात गळाले तर खाली पुस्तके! एकदा भिजलेले पुस्तक विकले जात नाही आणि रद्दीत द्यायला मन होत नाही. शेवटी ह्यांनी लोखंडी अँगलची चौकट केली आणि टपाला हात न लावता हौद्याच्या बाजूंना बोल्टने आवळली. पॅनेल कडेच्या बाहेर येऊ दिले नाही. वायरीपुरते एकच भोक, तेही मागच्या बाजूला वळचणीखाली, सिलिकॉन भरून. पॅनेल आणि पत्रा यांच्यामध्ये चार बोटे जागा सोडली. पॅनेलला ऊन पाहिजे पण ताप नको. तापले की वीज कमी देते. खालून वारा गेला पाहिजे.

मग माझे काम. पॅनेलची वायर सरळ बॅटरीला जोडायची नसते. मध्ये कंट्रोलर नावाची लहान डबी असते. भरलेली बॅटरी जास्त भरू न देणे आणि रात्री उलटा प्रवाह जाऊ न देणे, हे तिचे काम. मुलीने बजावले होते, आधी बॅटरी जोड, मग पॅनेल, आणि तोपर्यंत पॅनेलवर गोधडी टाकून ठेव. गोधडी टाकली. बॅटरीच्या लाल वायरीवर फ्यूज बसवायला घेतला तर हे म्हणाले, "दहा रुपयांचा फ्यूज काय करणार, राहू दे." मी बसवला. आणि संध्याकाळच्या घाईत लाल-काळी वायर मीच उलटी जोडली! फट् झाले. माझे हातपाय गार पडले. बघते तर फ्यूज उडालेला, कंट्रोलर शाबूत. आता हे दुसऱ्यांना सांगतात, फ्यूजशिवाय काम करू नका म्हणून.

महाडला पहिला प्रवास. घाट उतरताना टपावर खडखड वाजू लागले. थांबून बघितले तर दोन नट ढिले. तेव्हापासून प्रत्येक बोल्टला दोन-दोन नट आणि स्प्रिंग वॉशर आहे.

खरा वाद झाला तो ध्वजावरून. पंचशील ध्वजाची काठी पुढे केबिनच्या मागे, पॅनेलला लागून. महाडला भर दुपारी बॅटरी म्हणावी तशी भरेना. मीटर लावला तर पाच अँपिअरच्या जागी दोन. काठीची सावली पॅनेलवरून आडवी गेली होती. आतले चौकोन एकापुढे एक साखळीसारखे जोडलेले असतात, एकावर सावली पडली की त्याच्या रांगेतल्या सगळ्यांचे अडते. मी म्हणाले, काठी काढू. हे म्हणाले, "ध्वज उतरवून दिवा लावायचा असेल तर मला दिवा नको." दोन तास बोलणे बंद. मग मलाच सुचले. काठी मागच्या टोकाला न्यायची आणि टेम्पो दक्षिणेकडे तोंड करून उभा करायचा. आपल्या फिरण्याच्या दिवसांत ऊन दक्षिणेकडून येते, सावली मागे जमिनीवर पडते. ध्वजही राहिला, वीजही राहिली.

एक गोष्ट सांगायची राहते. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या खंडांतला दहावा खंड आमच्याकडे विक्रीला असतो. इंग्रजी आहे, मला वाचता येत नाही. मुलगी सुट्टीवर आली तेव्हा तिने त्यातले समजावून सांगितले. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज त्यांच्याच खात्यात येत होती. १९४३ च्या ऑक्टोबरात विजेच्या धोरणाच्या समितीपुढे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी देशाला वीज स्वस्त आणि भरपूर मिळाली पाहिजे, त्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि गरिबी हटणार नाही, अशी मांडणी केली होती. घटना आणि धम्म आम्हाला ठाऊक; विजेचे हे ऐंशी वर्षांपूर्वीचे काम आम्ही खोक्यात भरून गावोगाव नेत होतो आणि दिवा मात्र दुसऱ्याकडे मागत होतो.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात नागपूरला जाताना त्याच रस्त्याने गेलो. ह्यांनी त्या दुकानासमोर गाडी हळू केली. मी म्हणाले, चला पुढे. पुढच्या पेट्रोल पंपापाशी मुक्काम केला, स्वतःचा बल्ब लावला आणि भाकरी केली.

नागपूरला मात्र फजिती झाली. एका आजीबाईंचा मोबाईल बंद पडला होता, सोबतचे लोक हरवले होते. त्यांचा फोन चार्ज करून दिला, मुलाशी बोलणे करून दिले. ते बघून दुसरे आले, तिसरे आले. कोणाला नाही म्हणायचे? हे कागदाच्या चिठ्ठ्यांवर नावे लिहून फोनला बांधत होते. पहाटे तीनला कंट्रोलरने बॅटरी उतरली म्हणून सगळेच बंद केले आणि आम्ही डास मारत बसलो. आता नियम केला आहे, लोकांचे फोन दिवसा ऊन असेपर्यंतच. टपावर अजून एका पॅनेलची जागा आहे, चौकटही ह्यांनी तयार करून ठेवली आहे. भिशीचा नंबर लागायचा आहे.