समुद्रापलीकडचा संसार

मुले दूरच्या बेटावर संसार थाटायला निघाली, की आपल्याला प्रथम समुद्राचे भय वाटते. लग्नाला चार महिने होतात न होतात तोच माझ्या जावयाची बँकेतून पोर्ट ब्लेअरला बदली झाली, तेव्हा माझेही तसेच झाले. (२०२४ पासून गावाचे नाव श्री विजयपुरम, जुने अजून तोंडातून जात नाही.) गेल्या ऑगस्टमध्ये चेन्नईमार्गे आम्ही उभयता तेथे गेलो आणि ध्यानात आले, की समुद्राने त्यांना काहीच त्रास दिला नव्हता. त्रास होता तो ओलीचा.

नागपूरकराला उन्हाळ्याचा अभिमान असतो. पंचेचाळीस अंश सोसणाऱ्याला तेथील तीस अंशांचे काय! परंतु आपल्या कोरड्या हवेत घाम उडतो व अंग निवते. वाळ्याचा कूलरही त्याच न्यायाने चालतो. तेथे हवाच ओली, घाम अंगावरच राहतो. नागपुरात वर्षाला सुमारे १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे जवळपास ३,०००. चपलांवर बुरशी, लग्नातल्या शालूवर ठिपके, जावयाच्या कमरेला गजकर्ण. आपण भेटीस जाणार असाल तर सुती सैल कपडे न्यावेत आणि गोळ्या आधीच सुट्या काढून डबीत भरू नयेत. पाकिटातच राहू द्याव्यात. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे; हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास किती प्यावे, हे मात्र आपल्या डॉक्टरांना विचारून.

तिसऱ्या दिवशी औषधांचा खण आवरताना मला डॉक्सिसायक्लिनचे रिकामे पाकीट सापडले. लेकीने मान खाली घातली. जूनमध्ये अनवाणी पायांनी अंगणात रोपे लावली, आठवड्याभरात थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या असह्य दुखू लागल्या. लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून, पायाच्या भेगांवाटे शिरणारा. अंदमानात पूर्वी एका रक्तस्रावी तापाची दहशत होती, तो हाच आजार निघाला. औषध वेळेवर मिळाले म्हणून निभावले. तीन रात्री जावई एकटा उशाशी होता. त्याला पाणी विचारणारेही कोणी नव्हते.

"कळवले का नाही?" मी जरा चढ्या आवाजात विचारले.

"बाबा, आईचा रक्तदाब वाढला असता. आणि तुम्ही फोनवर नेहमी 'सगळे छान ना?' असेच विचारता."

चाळीस हजार रुग्णांना तरी मी प्रश्न विचारले असतील. हा एक चुकीचा होता.

त्यांच्या संध्याकाळी मोठ्या कठीण. घड्याळ आपलेच, पण गाव फार पूर्वेला. ऑगस्टमध्येही पावणेसहाला सूर्य मावळतो. जावई आठला परततो. शेजारी प्रेमळ, पण आपसात बंगाली बोलणारे. आता मी दवाखाना उघडण्यापूर्वी, सहाच्या सुमारास फोन करतो. आमच्या खिडकीत तेव्हा ऊन असते. आज काय शिजवले, पाय कोरडे ठेवतेस ना, असे विचारतो. परवा तिने आपणहून सांगितले, की दोन दिवस रडू येत होते.