एक लिटरचे माप

१९९८ च्या पावसाळ्यात मी तेव्हाच्या ओरिसात, म्हणजे आजच्या ओडिशात, सब-कलेक्टर होतो. पूर ओसरला आणि एका गावात जुलाब-उलट्यांची साथ सुरू झाली. मी तातडीने सलाईनच्या बाटल्या मागवल्या. आरोग्य केंद्रात जलसंजीवनीची पाकिटे भरपूर होती. पण बाटली आणि सुई म्हणजेच उपचार, अशी माझीही समजूत होती.

बाटल्या पोहोचेपर्यंत दोन दिवस गेले. तेवढ्यात दीड वर्षाचे एक मूल दगावले. त्याच्या घरी पाकीट होते. आईने ते पेलाभर पाण्यात कालवले. अतिखारट म्हणून मुलाने ते थुंकून टाकले. जुलाब वाढतील या भीतीने मग तिने साधे पाणीही बंद केले. पाकिटावर 'एक लिटर' असे छापलेले होते, परंतु लिटरचे माप त्या घरात नव्हते. वाटपाच्या तक्त्यात मात्र त्या घरापुढे बरोबरची खूण होती, आणि त्या तक्त्याखाली सही माझी होती.

पुढे वाचनात आले की शेजारच्याच पश्चिम बंगालमध्ये, बनगावच्या निर्वासित छावणीत, १९७१ साली पटकीच्या साथीत सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याच्या सोड्याचे द्रावण नातेवाइकांच्याच हाती दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. यामागचे शास्त्र सोपे आहे. आतड्यात ग्लुकोज शोषले जाताना मिठातील सोडियम सोबत नेते आणि त्यांच्यामागे पाणी जाते. आजारातही ही वाट उघडी राहते. मात्र द्रावणाचे प्रमाण चुकता कामा नये.

दुसऱ्या दिवशी आरोग्यसेविकेने मापाच्या बाटलीने घरोघरच्या भांड्यात एक लिटर पाणी ओतले आणि पाण्याच्या पातळीवर खिळ्याने खूण केली. सुचले ते तिला, मला नव्हे.

ज्याला आपण 'पोटाचा फ्लू' म्हणतो त्याचा इन्फ्लुएन्झाशी संबंध नाही. तो बहुधा रोटा, नोरो अशा विषाणूंचा असतो, आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने द्रावण द्यावे. तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. अंगावरचे दूध व जेवण बंद करू नये. ओडिशातील पखाळाचे पाणी काय किंवा आपली मिठाची पेज काय, दोन्ही चालतात. सहा महिन्यांवरील मुलांना वैद्यकीय सल्ल्याने रोज २० मिलिग्रॅम झिंक १४ दिवस द्यावे. डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसले किंवा मूल पिईनासे झाले, तर विलंब न करता दवाखाना गाठावा. रोटाविषाणूची लस २०१६ पासून आपल्या लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आली आहे. तीही चुकवू नये.

त्यानंतर कोणत्याही योजनेच्या फाईलवर 'वाटप पूर्ण' असा शेरा दिसला की मी एकच प्रश्न विचारीत आलो : वस्तू पोहोचली, पण तिचे माप पोहोचले काय? हा प्रश्न मला दोन दिवस उशिरा सुचला होता.