जुनी स्नोमोबाइल, खोल बर्फ

जुन्या गाडीवर एवढा खर्च कशाला, असं आई फोनवर विचारते. तर मंडळी, ऐका.

आमची १९९० सालची पोलारिस इंडी दाबलेल्या वाटेवर अजून झकास पळते. पण इथे आयडाहोच्या डोंगरात, कमरेइतक्या भुसभुशीत बर्फात शिरली की जागीच खड्डा खणत बसते. इंजिनात दम आहे हो, पट्टाच तोकडा! १२१ इंच लांब, त्यावर पाऊण इंचाचे दात. म्हणून १३६ इंचांचा, दोन इंची दातांचा पट्टा घातला. रेल वाढवले, दात वरच्या पत्र्याला घासू नयेत म्हणून पट्टा ओढणारी चाकं लहान केली. वजन वाढलं, वाटेवरचा वेग घटला. चालायचंच.

कार्ब्युरेटरचं प्रकरण मात्र नाजूक. सात हजार फुटांवर हवा विरळ, म्हणून पेट्रोल कमी सोडणारा छोटा जेट लागतो. तोच ठेवून खाली दाट, थंड हवेत दामटलं तर टू-स्ट्रोकचा पिस्टन वितळू शकतो. मोठे जेट कायम खिशात!

आता ही चढ चढते, म्हणजे हिमकडे कोसळतात तिथेही पोचते. म्हणून बर्फाखाली दबलेल्याचा ठाव लावणारे बीकन, प्रोब आणि फावडं आम्हा तिघांकडे असल्याशिवाय चढावर जायचं नाही, असं बायकोने ठरवून टाकलंय. तीन संचांचा हिशेब गाडीच्या कामाच्या वर जातोय.